फार्न बेटांची बोट: कानटोपी घेऊनच जा

सगळ्यात आधी टोपी. ऊन-पावसासाठी नाही, पक्षी डोक्यात चोच मारतात म्हणून. सीहाउसेसच्या बंदरावर तिकीट काढताना खिडकीतल्या बाईने हे मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी हसून मान हलवली. जून २०१९ ची गोष्ट. आईने भर जूनमध्ये लोकरीची कानटोपी चढवली होती आणि न्यूकॅसलपासून तिथपर्यंत गाडीत आम्ही सगळे तिची टिंगल करत आलो होतो. संध्याकाळी परत निघालो तेव्हा बाबांच्या टकलावर तीन ठिकाणी रक्त सुकलेलं, माझ्या भांगात एक टेंगूळ, आणि आई अगदी जशीच्या तशी. परतीच्या वाटेवर ती काहीच बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती.

फार्न बेटं म्हणजे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यासमोर, नॉर्थम्बरलंडमध्ये, समुद्रात विखुरलेले काळे खडक. किती आहेत? ओहोटीला अठ्ठावीस, भरतीला पंधरा. बाकीचे पाण्याखाली जातात. सगळ्यात जवळचं बेट किनाऱ्यापासून अडीच किलोमीटरवर, सगळ्यात लांबचं साताच्या पुढे. १९२५ पासून ती नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे इथला निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या, ताब्यात आहेत. न्यूकॅसलहून गाडीने सव्वा तास लागतो. आम्ही इथे राहायला आल्यापासून मी तीन वेळा ही सहल केली: एकदा आई-बाबांना घेऊन दिवसभराची, एकदा शरद ऋतूत फक्त सील बघायला, आणि एकदा जून २०२४ मध्ये, ती अर्धी फसली. बंदरावर बोटवाल्यांच्या टपऱ्या ओळीने आहेत. मी ज्यांच्याकडून गेले त्यांची नावं देत नाही, कारण एकाशी माझं वाजलं आणि नंतर मिटलंही. परीक्षण सहलीचं आहे, दुकानाचं नाही.

कुठली सहल घ्यायची, यावर आधी बोलते, कारण तिकीटखिडकीसमोर उभं राहिलं की गोंधळायला होतं. एक दीड-दोन तासांची असते, बोटीतूनच बेटांना फेरी, उतरायचं नाही. दुसरीत एका बेटावर तासभर उतरवतात. तिसरी पूर्ण दिवसाची, २०१९ मध्ये ती सकाळी स्टेपल बेट आणि दुपारी इनर फार्न अशी होती. ही खास पक्षी बघणाऱ्यांसाठी असते, महाग असते, आणि मी चौघांची तीच घेतली तेव्हा नवऱ्याने (तो आला नव्हता, काम होतं) फोनवर आकडा ऐकून ‘पक्षी विकत देतायत का?’ असं विचारलं होतं. शिवाय बेटावर पाय ठेवायचे पैसे नॅशनल ट्रस्ट वेगळे घेते. त्यांचं सभासदत्व असेल तर ते वाचतात. आकडे लिहीत नाही, दरवर्षी बदलतात. पण जायचं तर उतरा. बोटीतून दिसतं ते सुंदरच असतं, पण ते दिसणं असतं. बेटावर गेल्यावर कळतं की आपण कोणाच्या तरी घरात शिरलोय आणि घरच्यांना आपली फारशी पत्रास नाही.

बोट साधी. लाकडी बाकं, अर्ध्या भागावर छप्पर, बाकी उघडी. आमच्या बोटीवर स्वच्छतागृह नव्हतं आणि स्टेपल बेटावरही नव्हतं. ज्येष्ठांना नेणार असाल तर बंदरावरच उरकून घ्या. आईला एसटी लागते, होडी लागते, मुलांच्या जत्रेतला पाळणा नुसता बघूनही लागतो. तिला अर्धा तास आधी अ‍ॅव्होमीन दिली आणि नावाड्याने सांगितल्याप्रमाणे मागच्या बाजूला, मोकळ्या हवेत, किनाऱ्याकडे तोंड करून बसवलं. हा नावाडी साठीच्या पुढचा, लालबुंद चेहऱ्याचा. आईला हात देऊन चढवताना तो तिला ‘पेट’ म्हणाला. आईने मला हळूच विचारलं, ‘पेट म्हणजे ते पाळीव प्राणी ना गं?’ मी सांगितलं की इकडे लाडाने सगळ्यांनाच म्हणतात, आपण ‘बाळा’ म्हणतो तसं. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी कोणीतरी बाळा म्हटल्याचा तिच्यावर जो परिणाम झाला त्याने अ‍ॅव्होमीनपेक्षा जास्त काम केलं असावं. दिवसभरात तिला एकदाही मळमळलं नाही.

बंदरातून बाहेर पडलं की डावीकडे बॅम्बराचा किल्ला दिसतो, आणि समोर काळी बेटं. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. आयुष्य रस्ते आणि खडी बघण्यात गेलं. त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि पक्षी सोडून दगडाबद्दल बोलायला लागले. ‘हा आपल्याकडचाच काळा पत्थर. उभ्या चिरा बघ, खांबासारख्या.’ त्यांचं फार चुकलं नव्हतं. हा डोलेराइट, म्हणजे बेसाल्टचा चुलतभाऊ. रसायन जवळपास तेच, पण आपला सह्याद्री लाव्हा जमिनीवर पसरून झाला आणि हा खडक जमिनीखालीच थिजला. म्हणून कण थोडे जाड. व्हिन सिल म्हणतात त्याला, वय सुमारे साडेएकोणतीस कोटी वर्षं. बॅम्बराचा किल्ला त्यावरच उभा आहे आणि तिकडे पश्चिमेला रोमनांनी हेड्रियनची भिंतही याच्याच कड्यावरून नेली. नावाड्याला हे सगळं माहीत होतं, तो भोंग्यातून सांगतही होता, पण इंजिनाच्या आवाजात निम्मं उडून जात होतं. ही माझी या सहलीबद्दलची कायमची कुरकुर आहे: इतका जाणकार माणूस आणि इतका फुटका स्पीकर. तिन्ही वेळा तेच. नावाड्याच्या जवळच्या बाकावर बसा, एवढाच उपाय.

मग वास येतो. बेट दिसतं त्याच्या आधी नाही, पण पक्षी दिसतात त्याच्या नक्की आधी. सुक्या मासळीच्या बाजारात कोणीतरी अमोनियाची बाटली फोडली तर जे होईल ते. सईने (माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची) जॅकेटच्या बाहीत नाक खुपसलं ते पंधरा मिनिटं बाहेर काढलं नाही. स्टेपल बेटाशेजारी पिनॅकल्स नावाचे दगडी सुळके समुद्रातून सरळ वर आले आहेत. त्यांचे माथे गिलेमॉट पक्ष्यांनी इतके भरलेले की लोकल सुटायच्या आधीचा फलाट आठवावा. गिलेमॉट म्हणजे वरून चॉकलेटी-काळा, पोटाला पांढरा, उभा राहणारा पक्षी. पेंग्विन वाटतो, पण पेंग्विनचा नातेवाईक नाही, आणि याला उडता येतं. घरटं बांधायची भानगड नाही, उघड्या दगडावर एकच अंडं, तेही पेरूच्या फळासारखं एका टोकाला निमुळतं. काही गिलेमॉटच्या डोळ्याभोवती पांढरी रेघ असते, चष्म्याच्या काडीसकट. बाबांनी चष्मा पुसत पुसत सांगितलं, ‘हे आमच्या ऑडिटचे लोक.’

कड्याच्या कपारींत किट्टीवेक. हा कुरव (सीगल) पक्ष्यांमधला एक, आणि तो स्वतःचं नाव ओरडतो. ‘किट्टी-वेऽक, किट्टी-वेऽक’. एकाने सुरू केलं की सगळा कडा. इंजिन बंद केल्यावर तो आवाज कानावर पडतो तेव्हा बोटीतल्या पन्नास माणसांची तोंडं एकदम बंद होतात.

उतरायच्या पायऱ्या दगडी, शेवाळलेल्या. बोट लाटेवर वरखाली होते आणि नावाडी ‘नाऊ’ म्हणाला की पाय टाकायचा. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी हा भाग मनात धरावा. दोन माणसं दोन्ही बाजूंनी धरतात, घाई करत नाहीत. आईला जमलं. पण व्हीलचेअर किंवा वॉकर असेल तर खिडकीवर आधी विचारून घ्या, आयत्या वेळी पायरीशी निराशा नको.

वर गेल्या गेल्या पहिला सामना शॅगशी. शॅग म्हणजे पाणकावळ्याचा भाऊ. लांबून काळा, जवळून बाटलीसारखा हिरवा, डोळे पाचूचे आणि डोक्यावर पुढे झुकलेला तुरा. त्याचं घरटं पायवाटेपासून हाताच्या अंतरावर होतं. मी वाकले तसा त्याने पिवळाधमक जबडा उघडून फिस्सकारलं, नागासारखं. उठला मात्र नाही. खाली दोन पिल्लं होती, केस न उगवलेली, विजोड. आई म्हणाली, ‘पाणकावळा आपल्या तळ्यावर माणूस बघून पन्नास फुटांवरून उडतो. हा बघ कसा बसलाय.’ आणि मग स्वतःच दोन पावलं मागे झाली.

बाबांची दुर्बीण त्यानंतर दिवसभर पिशवीत राहिली. तुम्हीही जड दुर्बीण नेऊ नका. कॅमेऱ्याची लांब नळीसुद्धा इथे अडचणच, पक्षी फ्रेममध्ये मावत नाही.

पफिनबद्दल सगळे लिहितात, मीही लिहिणार. चित्रांत तो लहान पेंग्विनएवढा वाटतो. प्रत्यक्षात कबुतराहून बुटका, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. नारिंगी-पिवळी-निळी चोच ही फक्त विणीच्या हंगामाची मिरवणूक. तो संपला की चोचीवरचे रंगीत पापुद्रे गळतात आणि हिवाळा तो राखाडी तोंडाने भर समुद्रात काढतो. त्याला चालताना बघा: ऑफिसला उशीर झालेला, छाती पुढे काढलेला छोटा कारकून. आणि उडताना बघा: पंख मिनिटाला चारशे वेळा हलतात, तरी उडण्यात काही डौल नाही, नुसती धडपड. उतरणं तर पडण्याचाच प्रकार.

हे बिळात राहतात. बेटाची माती पायवाटेच्या दोन्ही बाजूंना पोखरलेली असते, म्हणून लाकडी फळ्यांच्या वाटेवरूनच चालायचं. एक पाय बाजूला पडला तर खाली एखाद्याचं छत कोसळतं. बिळात एकच अंडं. गणती कशी करतात ते रेंजर मुलीने सांगितलं: जमिनीवर पालथं पडून खांद्यापर्यंत हात बिळात घालायचा आणि चाचपायचं. पक्षी घरात असेल तर तो चावून हजेरी देतो. तिच्या बोटांवर पट्ट्या होत्या. अशा हजेरीतून आकडा निघतो तो चाळीस हजारांहून जास्त जोड्यांचा.

आता जे बघून मी तासभर जागची हलले नाही ते. पफिन समुद्रातून सँडईल नावाचे बोटभर लांब, चांदीसारखे मासे आणतो. एक नाही, एका वेळी दहा-दहा, चोचीत आडवे, मिशीसारखे लोंबते. पहिला मासा धरून दुसरा पकडताना तोंड उघडावं लागतं ना, मग पहिला सुटत कसा नाही? जीभ खडबडीत आणि टाळूला मागे वळलेले काटे, जिभेने मासे वर दाबून ठेवायचे, चोच मोकळी. ही सगळी मेहनत करून तो बेटावर येतो तर बिळाच्या तोंडाशी काळ्या डोक्याचे कुरव टपून बसलेले असतात. पफिन उतरला की तिघं-चौघं त्याच्यावर तुटून पडतात. त्यामुळे पफिन थेट बिळाशी उतरतो आणि एका दमात आत घुसतो, किंवा धोका वाटला तर न उतरताच पुन्हा समुद्राकडे मोठी चक्कर मारून येतो. सई एका बिळावर नजर ठेवून फळीवर पोटावर पडून होती. तिचा पफिन चार वेळा येऊन परत गेला. पाचव्यांदा उतरला, एका कुरवाने शेपटी धरली, तरी हा आत. बाहेर एक मासा पडला तेवढा कुरवाने खाल्ला. सईने अशी आरोळी ठोकली की शेजारचे तीन इंग्रज फोटोग्राफर दचकले. मग त्यांतल्या एकाने तिला अंगठा दाखवला. तोही त्याच बिळावर डोळा लावून बसला होता.

जेवण आपलं आपणच न्यायचं. आम्ही पोळीचे रोल नेले होते. वाऱ्याने दोघांचे कागद उडवले आणि बाबा ते पकडायला धावले, कारण त्या बेटावर कागद टाकून येणं म्हणजे… असो. घट्ट झाकणाचा डबा न्या.

दुपारी इनर फार्न. इथे टोपीचा प्रश्न सुटला. धक्क्यापासून वर जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही कडांना, आणि खरं सांगायचं तर वाटेवरही, आर्क्टिक टर्नची घरटी होती. टर्नला मराठीत सुरय म्हणतात. वजन शंभर ग्रॅम, लालभडक टोकदार चोच, शेपूट कात्रीसारखी दुभंगलेली. माणूस घरट्याजवळ आला की तो वर उडतो, डोक्यावर तरंगतो, ‘कीऽ-किक-किक’ करतो आणि खाली सूर मारतो. सुरी टोचावी तसं टोचतं. बाबांनी पिशवी डोक्यावर धरली तोवर तीन बसल्या होत्या. एका बाईने छत्री उघडली, तर सुरय छत्रीच्या टोकावर येऊन उभा राहिला. हात वर करून चाला, म्हणजे ते सगळ्यात उंच टोकाला, म्हणजे बोटांना चावतील, ही रेंजरची युक्ती. मी करून पाहिली. बोटं दुखली, डोकं वाचलं, पण तोवर एक टेंगूळ आलेलंच होतं. आई कानटोपीत शांतपणे पुढे चालत राहिली. तिच्या डोक्यावर एक बसलाही, दोन-तीन टोले हाणले, लोकरीवर काही परिणाम होईना म्हणून कंटाळून गेला.

माझा रागही फार टिकला नाही, त्याला कारण आहे. हे पक्षी उत्तरेचा उन्हाळा इथे काढतात आणि दक्षिणेचा उन्हाळा अंटार्क्टिकाशी. फार्नवरच्याच एका सुरयाच्या पायाला शास्त्रज्ञांनी ग्रॅमहून कमी वजनाचं यंत्र बांधलं होतं. तो जुलै २०१५ मध्ये इथून निघाला, आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरातून अंटार्क्टिकाला गेला आणि मे २०१६ मध्ये इथे परत आला. भरले किती? ९६,००० किलोमीटर. बाबा रस्त्यांचे माणूस, त्यांनी लगेच हिशोब केला: ‘पृथ्वीला दोन फेऱ्या आणि वर थोडं.’ मग टकलावरून हात फिरवला. आई म्हणाली, ‘एवढं उडून येऊन अंडं घातल्यावर मीही चावले असते.’

इनर फार्नवर जुनं चॅपल आहे आणि सातव्या शतकातल्या संत कथबर्टची आठवण. तो इथे एकटा राहायचा, ६८७ मध्ये इथेच गेला. या बेटांवरच्या आयडर बदकांना मारू नका असा नियम त्याने केला होता असं सांगतात, म्हणून इथले लोक त्यांना अजून ‘कडी डक’, म्हणजे कथबर्टची बदकं म्हणतात. एक मादी चॅपलच्या भिंतीला टेकून अंड्यांवर बसली होती. तपकिरी, दगडासारखी स्थिर. शंभर माणसं तिच्यापासून फुटावरून गेली असतील. तिने मान वळवली नाही. आम्ही तिला पाहिलं तेही सईचा बूट तिच्या शेपटीशी पडणार होता तेव्हा.

परत येताना बोट लाँगस्टोनच्या दीपगृहाला वळसा घालते. लाल-पांढरं, १८२६ चं. इथे ग्रेस डार्लिंगची गोष्ट सांगतात आणि सुदैवाने तेव्हा इंजिन मंद असतं. ७ सप्टेंबर १८३८, रात्री वादळ, फॉरफारशायर नावाची वाफेची बोट जवळच्या बिग हारकर खडकावर फुटली. पहाटे दीपगृहाच्या खिडकीतून राखणदाराच्या बावीस वर्षांच्या मुलीला, ग्रेसला, खडकावर माणसं हलताना दिसली. बाप आणि लेक दोघं वल्ह्यांची होडी घेऊन निघाले. दोन खेपांत मिळून नऊ जीव वाचले. मुलीचं नाव देशभर झालं, आणि चार वर्षांनी क्षयाने ती गेली. सगळे मुलीबद्दल बोलत होते. आईचा प्रश्न वेगळाच: ‘आणि तिची आई कुठे होती? नवरा आणि पोर एका होडीत, ती दारात उभी?’ नावाड्याला मी विचारलं. तो म्हणाला, होडी पाण्यात ढकलायला आईनेच हात लावला असं सांगतात. आई त्यानंतर बराच वेळ दीपगृहाकडे बघत होती.

सीलबद्दल अजून काही लिहिलं नाही, कारण जूनमध्ये ते सतरंजीसारखे खडकावर पसरलेले असतात आणि पफिनसमोर त्यांच्याकडे लक्ष जात नाही. ही माझी चूक. म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी मी आणि सई पुन्हा गेलो. त्या आधीच्या आठवड्यात वादळामुळे सहल रद्द झाली होती. या ऋतूत हे धरूनच चाला, आणि त्याबद्दल बोटवाल्याशी भांडू नका.

त्या वेळी उतरणं नव्हतं. दीडेक तासाची फेरी, दोन जॅकेट, हातमोजे, तरी दात वाजत होते. ग्रे सीलचं शास्त्रीय नाव हॅलिकोइरस ग्रायपस, अर्थ साधारण ‘वाकड्या नाकाचं समुद्री डुक्कर’. नर बघितला की नाव ठेवणाऱ्याला दोष देता येत नाही. जगातल्या ग्रे सीलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त ब्रिटनच्या किनाऱ्यांवर आहेत आणि फार्नवर दर शरदात दोन हजारांहून जास्त पिल्लं होतात. पिल्लू जन्मतं तेव्हा पांढऱ्या लोकरीतलं, चौदा किलोचं. आईच्या दुधात निम्म्याहून अधिक चरबी असते. तीन आठवड्यांत पिल्लू तिप्पट होतं आणि त्या काळात आई फारसं खातच नाही. मग ती निघून जाते, पिल्लू तिथेच. पुढचं त्याचं तो.

सगळ्यात लक्षात राहिला तो आवाज. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो घुमतो तसा, पण चढ-उतार असलेला, दहा खडकांवरून एकाच वेळी. सई तेव्हा अकरा वर्षांची, वयाप्रमाणे कशानेच भारावून न जाणारी. तिने कानातलं हेडफोन काढलं. एवढं बास. ओहोटीच्या वेळेची फेरी घ्या, खडक उघडे असतात तेव्हा सील जास्त दिसतात. भरतीची वेळ बंदरावर लिहिलेली असते. आणि बोट थांबली की पाण्याकडे बघा, खडकाकडे नाही. डोकी एकेक करून वर येतात आणि आपल्याकडे बघत राहतात, मिशांवरून पाणी गळत असतं. बराच वेळ. कोण कोणाला बघायला आलंय ते विचारायची सोय नाही.

मधल्या काळात इथे वाईट दिवस येऊन गेले, तेही सांगायला हवं. २०२२ च्या उन्हाळ्यात बर्ड फ्लू आला. रेंजरांनी पांढरे संरक्षक पोशाख घालून हजारो मेलेले पक्षी उचलले. त्या जुलैपासून बेटावर उतरणं बंद झालं ते २०२४ च्या वसंतात इनर फार्नपासून सुरू झालं. म्हणून जून २०२४ मध्ये मी नवऱ्याला घेऊन गेले. आता पक्षी विकत देतायत का ते स्वतःच बघ, म्हटलं.

आणि तीच अर्धी फसलेली सहल. उतरण्याचं तिकीट काढलं, नॅशनल ट्रस्टचं कार्ड दाखवलं, बोट निघाली, आणि बेटासमोर गेल्यावर नावाडी म्हणाला की ईशान्येकडून मोठ्या लाटांचा फुगवटा येतोय, धक्क्याला बोट लागत नाही. निर्णय बरोबरच होता. पायऱ्यांवर लाट चढताना आम्हाला दिसत होती. माझी तक्रार वेगळी: आमच्या आधीची बोटही न उतरवताच परत आली होती, ते खिडकीवरच्या मुलाला माहीत होतं, तरी त्याने उतरण्याचं तिकीट फाडलं. फरकाचे पैसे मिळाले, पण दोन ईमेल आणि तीन आठवड्यांनी. तुम्ही जाल तेव्हा खिडकीवर सरळ विचारा: ‘आज सकाळची बोट उतरली का?’ या प्रश्नाला थापा मारणं अवघड असतं.

उतरता आलं नाही म्हणून नावाड्याने बोट थोडी बाहेर नेली आणि तिथे बॉटलनोज डॉल्फिन भेटले. मूळचे वर स्कॉटलंडच्या मोरे फर्थकडचे, पण अलीकडे उन्हाळ्यात या किनाऱ्यावर उतरलेले दिसतात. सहा-सात होते. एक बोटीच्या नाकाशी येऊन आडवा झाला आणि एका डोळ्याने वर बघून गेला. शिवाय डोक्यावरून गॅनेटची एक रांग गेली, मोठे पांढरे, पंखांची टोकं शाईत बुडवलेली. तिकडे उत्तरेला बास रॉकवर त्यांची वसाहत आहे. नवरा खूश. बंदरावर उतरल्यावर म्हणाला, ‘छान होतं की, तू उगाच चिडलीस.’ त्याने पफिन पाण्यावर तरंगताना पाहिले, शंभर फुटांवरून. बीळ पाहिलं नाही, कुरवाने शेपटी धरलेली पाहिली नाही, टेंगूळ तर नाहीच. त्याला काय कळणार काय राहिलं ते.

कधी जायचं हे विचाराल तर जूनचा दुसरा-तिसरा आठवडा. पफिन एप्रिलच्या सुमारास येतात आणि जुलै संपेपर्यंत बहुतेक गेलेले असतात. शाळांच्या सुट्ट्या बघून ऑगस्टमध्ये येणाऱ्या पाहुण्यांना मी स्पष्ट सांगते, बेटं दिसतील, दीपगृह दिसेल, सील दिसतील, टी-शर्टवर पफिन मिळतील. खरे नाहीत. आणि निघायच्या आधी कुठल्या बेटावर सध्या उतरवतात ते विचारून घ्या. कपडे असे घाला की नंतर गरम पाण्यात टाकता येतील. माझ्या निळ्या जॅकेटवरचा ठिपका अजून गेलेला नाही.

आई-बाबा पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येतायत. आई आता पंच्याहत्तरीकडे झुकली, एक गुडघा बदलून झालाय. मी फोनवर म्हटलं, या वेळी नुसती बोटीतली फेरी घेऊ या, त्या शेवाळलेल्या पायऱ्या नकोत. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, ‘तो पेट म्हणणारा माणूस अजून बोट चालवतो का, ते आधी विचार. तो धरेल मला.’